स्पिरिट चोळायला कोणी सांगितले?

ती. ताई,

नमस्कार. माझ्या एका विद्यार्थिनीने तुला परस्पर फोन केल्याचे आज कळले, म्हणून हे पत्र लिहिणे भाग आहे. गुडघा बरा असेल. गोळ्या जेवणानंतरच घे (शेजारीण काहीही म्हणो).

नर्सिंगच्या मुलींना संदर्भ शोधायला शिकवण्याचे काम यंदा माझ्या गळ्यात पडले. मोबाइलवर जे पहिले दिसेल ते त्या उतरवून आणतात. एकीने पाठदुखीच्या लेखाबरोबर गादीची जाहिरातही उतरवली, सवलतीसकट. शेवटी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: कोणी सांगितले, केव्हा, कशाच्या आधारावर? वॉर्डातली एकेक सवय धरा आणि मुळापर्यंत गेल्याशिवाय सोडू नका, असा दम भरला. तोच नडला.

तुला फोन करणारीने (वर्गात तिला 'पिन' म्हणतात, टोचल्याशिवाय राहत नाही) अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या पाठीला, हाडांच्या जागी, स्पिरिट चोळण्याची पद्धत धरली. नवे संशोधन म्हणते, तिथे चोळूच नये, कातडीला इजा होते. मग चोळायला सांगितले कोणी? वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, मॅडमच्या नोट्समध्ये आहे. मॅडम म्हणजे मी. मी म्हटले, एका जुन्या वहीतून घेतले, आणि नको तेव्हा कपाटाकडे पाहिले. वहीच्या पहिल्या पानावर तुझे नाव. माजी विद्यार्थिनींच्या यादीत तुझा नंबर.

तू काय सांगितलेस ते तिच्या तळटीपेत आहे: 'मूळ वही बत्तीस वर्षांपूर्वी चोरीस गेली (मालकिणीची तोंडी माहिती). सध्या मॅडमच्या कपाटात, दुसरा कप्पा (प्रत्यक्ष पाहणी).' सोमवारी हा अहवाल बाहेरच्या परीक्षकांपुढे जाणार. मी तिला तळटीप काढायला सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "काढते ना, मॅडम. वही चोरीची नाही, असं कोणी सांगितलं? केव्हा? आणि कशाच्या आधारावर?"

पैकीच्या पैकी मार्क दिले. दुसरे काय करणार?

तुझी,
धाकटी

ता. क. वही तू आपण होऊन मला दिलीस, अशा दोन ओळी सोमवारच्या आत लिहून पाठव.

पुन्हा ता. क. नको पाठवू. ती तारीख विचारेल. वही तुझ्या लग्नाच्या गडबडीत मीच उचलली आणि आळ तुझ्या नणंदेवर येऊ दिला. बत्तीस वर्षे तू तिच्याशी जेवढ्यास तेवढे बोललीस. आता तिला फोन कर. माझे नाव सांग.

सोबत दिले: वही एक, पाने शहाण्णव, शाईचा डाग तुझा, चहाचा माझा. अहवालाची प्रत एक, तळटीप कायम. बाराव्या पानावर, स्पिरिटच्या ओळीशेजारी, पिनने पेन्सिलीने तुझ्यासाठी लिहिले आहे: 'तुम्हाला कोणी सांगितलं?'