सुमनची चौपाटी

रविवार, शहापूर

आज बायकोला, सुमनला, मुंबई दाखवली. खर्च म्हणजे आसनगावहून दोघांची तिकिटं आणि दोन कटिंग चहा. भाकरी घरची. सकाळी शेजाऱ्याला ऐटीत म्हणालो होतो, "तिथं हमाली करून इथं दुकान उभं केलंय मी. मुंबई फुकटात कशी बघायची, ते मला विचार!"

चौपाटीवर मी बाटली भरायला गेलो. नव्या चपला खराब होतील म्हणून सुमन त्या मांडीवर घेऊन वाळूत बसली होती. परत येताना तिच्या मागे पोचलो, तेव्हा ऐकू आलं. शेजारी बसलेली एक बाई तिला विचारत होती, "पहिल्यांदाच आलात?"

"हो गो, पयल्यांदाच. आमचे हे बावीस वर्षं इथंच कामाला होते."

"आणि कधी आणलं नाही?"

"खर्च झेपायचा नाय म्हणायचे." सुमन हसली. "मी पण कधी मागं लागले नाय."

मी बाटली पुढे केली. वाईट वाटायला हवं होतं ना? गाडीतही काही वाटलं नाही, आताही नाही. तिच्या चपला दारात आहेत. इतकं जपूनही पट्ट्यांत वाळू अडकलीय. झटकू का? नको, राहू दे.

समुद्र तेव्हाही फुकटच होता.