डॉ. कुबिचेक आणि कन्या

ऑल्डर क्रीक, नेब्रास्का
२१ जानेवारी १९७९

चि. जोलीन हिस अनेक आशीर्वाद.

टाइप केलेलं पत्र बघून नाक मुरडू नकोस, हल्ली हेच सोयीचं पडतं. मुद्द्याचं बोलतो. कॉलेजची तीन वर्षं पुष्कळ झाली. तिसरं संपलं की सरळ मेडिकल, आणि त्याचा अर्ज यंदाच टाकायचा. तीन वर्षांवर घेतात, मी चौकशी केली आहे. मीही तीनच वर्षं काढली होती. तुझ्यासकट अर्धं गाव माझ्या हातांवर जन्मलं, कुणी माझी पदवी मागितली नाही.

चौथ्या वर्षी नदीकाठी बसून करकोच्यांचा अभ्यास करायचं खूळ तू आमच्या नर्सबाईंना, व्हर्नाला, कळवलंस, बापाला नाही. व्हर्नाच्या पोटात काही राहतं का? करकोच्याची नाडी बघणार आहेस की काय? ते मेले दर मार्चला आपल्याच मागच्या शेतात फुकट उतरतात.

ऐकशील तर लोभ आहेच.
बाबा

लिंकन
२८ जानेवारी

ती. बाबांस सा. न. (सवयीने).

करकोच्याला नाडी असते, बाबा. काळीजही असतं. सगळ्या बापांबद्दल तेवढं सांगता येत नाही.

मी डॉक्टर होणारच आहे, त्याबद्दल कधी कुरकुर केली का? पण त्यानंतर जन्मभर लोकांचे घसेच बघायचेत. त्याआधी एक वर्ष माझं मला हवंय. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी या कामासाठी मला निवडलं आहे. तुम्हाला इतकी कसली घाई सुटलीय? गाव काय पळून चाललंय?

तुमच्या लोभाला अटी असतील तर तो तुमच्याजवळच ठेवा.
जोलीन

ऑल्डर क्रीक
११ फेब्रुवारी

चि. जोलीन हिस आशीर्वाद, लायकी नसताना.

जीभ फार चालायला लागली. आई असती तर तिने तुला सरळ केलं असतं. वाद संपला आहे. दवाखान्याची पाटी दर हिवाळ्यात मी स्वतः रंगवतो, तशी यंदाही गॅरेजात बसून रंगवली. ‘डॉ. कुबिचेक आणि कन्या’. रविवारी टांगली, सगळं चर्च बघायला आलं होतं. आता गावाला तोंडघशी पाडायचं असेल तर खुशाल पाड. फोटो पाठवतोय, खोलीत लाव.

बाबा

लिंकन
१९ फेब्रुवारी

बाबांस,

नमस्काराचा मूड नाही.

मला न विचारता माझं नाव टांगलंत, म्हणून आधी तो फोटो फाडणारच होते. मग त्यातली अक्षरं पाहिली आणि हसायला आलं. मैत्रिणींना दाखवून म्हटलं, बाप पिऊन रंगवायला बसला होता. पण तुम्ही तर लग्नातसुद्धा बिअरला शिवत नाही. फूटपट्टीने आखल्यासारखी अक्षरं काढणारा माणूस तुम्ही. त्यातलं ‘कन्या’ तर नुसतं लडखडतंय.

मग ती टाइप केलेली पत्रं आठवली. ख्रिसमसला टर्की कापायची सुरी माझ्या हातात दिलीत, म्हणालात, आता भावी डॉक्टर कापेल. मी मूर्ख, फुशारून गेले. काल व्हर्नाला फोन केला आणि तुमच्या हातांचं विचारलं. ती रडायला लागली.

बाबा, टाके कोण घालतं? तुम्हीच ना? याच हातांनी? लाज नाही वाटत? मी तीन वर्षांत कॉलेज उरकलं, तरी पुढे मेडिकलची चार, आणि त्यावर उमेदवारी. तोवर गावाला असंच शिवत बसणार? माझं एक वर्ष ओरबाडून तुमचा हात थांबणार आहे का? घाई का आहे ते सांगितलं असतंत, तर मी भांडलेसुद्धा नसते. त्याचाच जास्त राग येतोय.

सुई खाली ठेवा. नाहीतर मी राज्याच्या वैद्यकीय मंडळाला लिहीन. बाप म्हणून सोडणार नाही.

तिसरं वर्ष संपलं की मेडिकलला जाते. सुखी व्हा.

जोलीन

ऑल्डर क्रीक
४ मार्च

चि. जोलीन,

हाताने लिहितोय. तुला बघायचंच होतं ना, बघ. अक्षर लागत नसेल तर व्हर्नाकडून वाचून घे, नाहीतरी तिला सगळं ठाऊक असतं.

सुई ठेवली. तुझ्या धमकीने नाही, त्या भ्रमात राहू नकोस. मिसेस श्राडरच्या भुवईवर टाके घातले, वाकडे पडले. तिने आरशात पाहिलं आणि वर माझेच आभार मानले. ते मला सोसलं नाही. आता शेजारगावचा एक पोरगेला डॉक्टर येऊन बसतो. बावळट आहे, पण हात स्थिर आहे. पाटी उतरवली. लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन.

उपकार केल्यासारखी तीन वर्षांत कॉलेज उरकून येऊ नकोस. असली डॉक्टरीण मला दारात नको. चौथं वर्ष घे.

करकोचे आलेत. मागचं शेत त्यांच्या कलकलाटाने भरलंय. दुर्बीण डोळ्यांना लावली, तर आभाळच हलायला लागतं. तेव्हा नदीवर बसशील तेव्हा काय काय दिसलं ते मला लिहीत जा. नीट, मोठ्या अक्षरात लिही.

बाबा