कुंडीतलं अर्थिंग

प्रिय दादा,

आई ठीक आहे, हे आधी सांगते. तू गच्चीवर बसवलेलं सोलर मी बंद करून ठेवलंय. परत चालू करायला कोणाला पाठवू नकोस.

रविवारी घरी गेले तेव्हा आई पॅनेलच्या चौकटीवर ओली फडकी वाळत घालत होती. एका हातात रबरी चप्पल. चौकटीला बोट लागलं की मुंग्या येतात, म्हणून ती फडकं चपलेने सरकवते. "दादाचं काम आहे गं, त्याच्यासारखंच, नुसतं गुरगुरतं, चावत नाही," म्हणून हसली. तीन महिने हे चाललंय. आईने तुला सांगितलं तर तू म्हणालास, नवीन आहे, रुळेल. नवी सून आहे का ती, रुळायला?

मी मीटर लावला. चौकटीवर नव्वद व्होल्ट. क्लॅम्पखाली एक वायर चिरडली होती; ते एक वेळ घाईत होतं. मग अर्थिंगच्या हिरव्या वायरीचा माग काढत गेले. ती पाण्याच्या टाकीमागे वळते आणि कोरफडीच्या कुंडीत संपते. जमिनीत नाही, दादा. प्लॅस्टिकच्या कुंडीत. वर माती नीट थापलेली, शेजारी शोभेचे दोन गोटे. उपटली तर वीतभर तांबं निघालं आणि एक गांडूळ. विसरणं वेगळं, हे कोणीतरी वाकून, हात मळवून केलं होतं. आईने त्या कुंडीला रोज पाणी घातलंय.

माझं 'टेस्टर' हे नाव तूच ठेवलंस. मी आठ वर्षांची होते, तू फ्यूज बदलत होतास. लाइन बंद आहे असं कोणीही सांगितलं तरी आधी तपासायचं, सांगणारा मी असलो तरी, असं तूच बजावलं होतंस. मी ते सगळ्यांच्या बाबतीत पाळलं. तुझ्या सोडून.

तपासणीचा फॉर्म कपाटात सापडला. अर्थिंगचा खड्डा, मागच्या अंगणात. आपल्याकडे मागे अंगण नाही, काँक्रीट आहे. रोध ०.८ ओहम, म्हणजे अगदी उत्तम अर्थिंग. अक्षर तुझं. सही माझी. तू सोलरचा धंदा सुरू केलास तेव्हा वायरमनचा परवाना माझ्याकडेच होता; तुझं काम अडू नये म्हणून मी वीस कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या, चहा निवायच्या आत. त्या सहीकडे बघून जी किळस आली, ती कुंडीकडे बघूनही आली नव्हती.

त्यातला एक फॉर्म आईचा. उरलेल्या एकोणीस घरांचे पत्ते मला हवेत, त्यासाठी हे पत्र. सोमवारी मी परवाना कार्यालयात माझ्याच सहीविरुद्ध अर्ज देतेय. परवाना जाईल, जाऊ दे. तुझं नाव त्यात येणारच. शुक्रवारपर्यंत यादी पाठवलीस, तर ती भावाने स्वतःहून दिली असंही लिहीन. नाही पाठवलीस तर गच्च्या बघत फिरेन. त्या घरांतली सगळीच माणसं हातात चप्पल घेऊन वावरत नसतील.

अजून तुझीच,
टेस्टर