गुलाबी झालेला गाळ

१ मे
कॉन्व्हेंटच्या पायरीवर बसून जया आणि मी एकाच पुडीतली बोरं खायचो. बिया ती फ्रॉकच्या खिशात साठवायची आणि घरी बोलणी खायची. आज तिच्या यवतमाळच्या घरात शिरताना ते आठवून हसू आलं. जया हिवाळ्यात गेली. समुद्रतळाच्या गाळातले मोहरीहून बारीक शंख मोजून, एके काळी थंड पाण्याचा प्रवाह कुठून वाहायचा हे ती शोधत होती. अर्धंच राहिलं. तिच्या नावाने तो शोधनिबंध पुरा करायला मी आलेय. तिच्या थोरल्या भावाने, धम्मरत्नदादांनी, सूक्ष्मदर्शक पुसून ठेवलाय, कूलरही भरलाय. किती मायेची माणसं!

४ मे
नुसता वैताग. काल मोजलेली गाळाची बशी आज पुन्हा मोजली, तर थंड पाण्याच्या जातीचे शंख वाढलेले. माझीच नजर कच्ची म्हणून परत मोजले. आणखी वाढले! अशाने प्रवाहाची रेघ नकाशावर काढू कुठे? स्वयंपाकाच्या जमनाबाई हसल्या, "मोजल्यानं वाढते का काय बाई? सकाळपासून तेच करून राह्यल्या. जेवा आता."

७ मे
गाळ हजारो वर्षांपूर्वीचा. त्यात जिवंत काही नाही याची खात्री करावी म्हणून रंग घातला. तो जिवंत मांसालाच चढतो, रिकामे शंख पांढरे राहतात.
सगळे गुलाबी झाले.
रंगच खराब निघाला असणार. दादांना नवी बाटली मागवायला सांगितली. चिडचिड होते.

१० मे
नवा रंग. तेच. आणि बशीत हालचाल.
बाहेर उन्हाच्या झळा, कूलर बंद, तरी मी शालीत. जमनाबाई उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, मले नाही यायचं आत. जयाताईही शेवटी अशाच शाल पांघरून मोजत बसायच्या म्हणे.
हे मला आधी कुणी का नाही —

११ मे
रंग हातावर सांडला. एरवी आठवडाभर निघत नाही. आज चढलाच नाही, पाण्याशिवाय ओघळून गेला. बोटं पांढरी. दाबली तरी पांढरी —

१२ मे
सूक्ष्मदर्शक जयाच्या भाचीला, समीक्षाला. माझ्या साड्या जमनाबाईंना. शाल नको, जाळा. निबंध अर्धाच छापा, जयाच्या नावाने. कुणी पुरा करू नये. दादा, गाळ विहिरीत, नाल्यात टाकू नका. कुणालाच देऊ नका. मोजायला तर मुळीच —