गौतमच्या ओळी

१२ जाने. ९७, चिक्कडपल्ली, हैदराबाद
माळ्यावर पुन्हा 'तालाबंदी' बँडचा सराव. पुतणी सुमी ड्रमवर, इम्रान गिटारवर, गौतम गळ्यावर. अमेरिकेहून कुणाच्या भावाने आणलेल्या कॅसेटी ऐकून ही मंडळी बिघडली. आवाज असा: लोखंड कापता कापता मशीन एकदम बंद पडावं, मग कुजबुज, मग किंकाळी. गाणं बंद पडलेल्या मिलवर. गौतमचे वडील तिथलेच. मी गमतीत त्याला घनपाठ शिकवला, म्हणजे शब्द पुढे-मागे, उलटसुलट म्हणायची वेदशाळेतली रीत. आता तो कामावरून काढलेल्यांची नावं तशी म्हणतो.
"काका, हे नुसतं ऐकलं तरी तुमच्या लोकांनी आमच्या कानात शिसं ओतलं असतं. आता मी तुमच्या ओततो."
ओतलं. अजून कान वाजताहेत.

२ फेब्रु.
गौतम घरी आला नाही. काल मिलच्या गेटवर गाणं, लाठ्या, व्हॅन. सुमी-इम्रान निसटले. पोलीस ठाण्यात म्हणतात, संध्याकाळीच सोडला. मग गेला कुठे, हे...
ज्या पेपरचा मी इथला वार्ताहर, त्याला बातमी पाठवली.

९ फेब्रु.
छापली नाही. संपादक फोनवर: जागा नव्हती हो, मोबाइल फोनची पानभर जाहिरात आली. आता म्हणे देशात कुणीही कुठेही असो, सापडतो.

२० मार्च
पुन्हा सराव. गौतमच्या ओळी आल्या की दोघं हात थांबवतात. तेवढा वेळ शांतता. मला त्यात नावं ऐकू येतात. सरळ, मग उलट. वयाचा परिणाम म्हणून सोडून दिलं.
खालचे घरमालक जिन्यात भेटले. एमंडी, अहो, तो पोरगा आला का परत? म्हटलं, नाही.
"मग मधे मधे ओरडतं कोण?"

६ एप्रिल
नारायणगुड्याला कार्यक्रम ठरला. इम्रानला नवा गाणारा हवा, सुमीला जागा रिकामीच. कडाक्याचं भांडण. शेवटी गौतमच्या आईला विचारायचं ठरलं. दवाखान्यात आया आहेत, ड्युटीवरून तशाच आल्या. सगळं ऐकलं, त्या शांततेसकट.
"फोटोला हार घातल्यावानी करून ठेवलंय तुम्ही. माझं लेकरू हरवलंय. कुणीतरी बसा त्याच्या जागंवर. आला की उठवील."
पण नावांचा तो क्रम दुसऱ्या कुणाला येतो?
इम्रान माझ्याकडे बघून म्हणाला, "चाचा, आपकूच आता वो."
वय एकावन्न, दमा. उच्चार शुद्ध, किंकाळीचा अभ्यास शून्य.

१९ एप्रिल
झाला कार्यक्रम. पोरं आधी हसली. नावं उलटी यायला लागली तशी हसायची थांबली.
आई पहिल्या रांगेत. खुर्ची उलटी फिरवून, स्टेजकडे पाठ, दाराकडे तोंड. मधेच दार उघडलं. त्या अर्ध्या उठल्या. मी म्हणत होतो ते नाव अर्धंच राहिलं.
चहावाला होता. त्या बसल्या. मी पुढचं नाव घेतलं.
आता अफझलगंजला बोलावणं आहे. परतताना रिक्षात त्यांनी एवढंच विचारलं, तिथल्या हॉलला दारं किती?
ठाऊक नाही. उद्या जाऊन बघून येतो.