वाघासाठी हायड्रा

पौड, १८ ऑक्टो. ८३
शाळेतून आले तर घरमालक धोंडीबाबा ओट्यावर मान खाली घालून बसलेला. भातात डुकरं घुसतात म्हणून त्याने बांधाला तारेचा फास लावला होता, त्यात बिबट्या अडकला. पुढचा पंजा तुटल्यातच जमा. वनखात्याच्या लोकांनी पिंजऱ्यात घालून इथल्या त्यांच्या कचेरीच्या आवारात ठेवलाय. बाबाला कुणी बोललं नाही. पण त्याच्या लेखी तो वाघजाई देवीचा वाघ. जेवलाच नाही.

२० ऑक्टो.
आठवीला हायड्रा दाखवला, डबक्याच्या पाण्यातला सुतासारखा जीव. परवा ब्लेडने दोन तुकडे केलेले, आज दोन्ही तुकडे वाढून पुरे झालेले. पोरं खूश. माझ्या डोक्यात दिवसभर तो बिबट्या. दोघंही शिकारीच. डोळ्याला जेमतेम दिसणारा हा कापला तरी सबंध होतो, आणि एवढं मोठं जनावर एका पंज्यापायी... चीड येते. कुणावर, कळत नाही.

२१
बाबा अजून उपाशी. सून रडकुंडीला आलेली. त्याचं मन रमावं म्हणून हायड्राची बरणी आणि भिंग दिलं. कितीतरी वेळ बघत होता. "तुकडं केलं तरी पुरा व्हतोय?" हो म्हटलं. वाघाला हे जमत नाही, तेही नीट समजावलं. संध्याकाळी आपणहून भाकरी मागितली. बरं वाटलं, समजावलेलं पटलं म्हणायचं.

२२, शनि.
बरणी रिकामी! बाबाने शेवाळासकट सगळं पिंजऱ्यातल्या घमेल्यात ओतलं. तणतणत विचारायला गेले, तर चेहरा उजळलेला. "वाघ प्याला, बाई. आनल्यापासनं आज पयल्यांदा प्याला." माझा राग कुठल्या कुठे गेला. नुसती धास्ती उरली.

२४
गुरांचे डॉक्टर भेटले. पाय वरपर्यंत सडलाय, म्हणाले. जंगलात सोडायचा प्रश्नच नाही. उद्या पुण्याहून साहेब येतील, मग बहुतेक शेवटचं इंजेक्शनच.
बाबाला सांगायचंच असं ठरवून आवारात गेले. दुरूनच वास येत होता. बाबा पिंजऱ्यासमोर उकिडवा, नजर त्या पायावर. वाघ डोळे मिटून पडलेला. मी तोंड उघडणार तोच,
"तुमच्या त्या किड्याला किती दिसांनी फुटलं?"
दोनतीन दिवस, तोंडातून निघून गेलं.
"म्हंजी उद्या दिसंल," म्हणाला, आणि सरकून मला बसायला जागा केली.
बसले.