नुसत्या ‘श्री’चे कागद

गुरुजी, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझी कादंबरी अजून पुरी झालेली नाही. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं आहे. दुष्काळात मेंढरं घेऊन मुलूख सोडून गेलेला माझा मेंढका परत आला आहे आणि वेशीबाहेर काठीवर हनुवटी टेकून उभा आहे. तो गावात शिरतो की मागं फिरतो, एवढंच लिहायचं आहे. अकरा वर्षं तो उभाच आहे.

गिरणीतल्या कारकुनीला जाण्याआधी सकाळी तासभर मिळतो. आंघोळ, पूजा उरकून बसतो. कोरा कागद घेऊन, तुम्ही वळसंगच्या शाळेत लावलेल्या सवयीनं वर मधोमध ‘श्री’ लिहितो. मग पेनात शाई भरतो. निब धुतो. तुळशीला पाणी घातलं का ते बघून येतो. तेवढ्यात भोंगा होतो आणि मी डबा घेऊन निघतो. दुसऱ्या दिवशी कालचा ‘श्री’ शिळा वाटतो, म्हणून नवा कागद. देवाचं नाव असलेला कागद चुलीत घालवत नाही, वाण्याला पुड्या बांधायला देववत नाही. दरवर्षी तळ्यात सोडत होतो. यंदा पाऊस नाही, तळ्याला भेगा पडल्यात. कागद ट्रंकेत साठत चाललेत. परवा ट्रंक सरकवताना बायको म्हणाली, “अवो, रोज हाक मारताय आन् काम काय ते सांगतच न्हाय. दारात थांबून देवबी कंटाळला असंल की.”

मला हसू आलं नाही. तुमचाच आवाज ऐकल्यासारखं झालं. पाटीवर ‘श्री’ काढून मी खिडकीबाहेर बघत बसलोय, आणि तुम्ही मागून येऊन कान धरता. “बोलावलंस न्हवं त्याला? मग बोल की लेका!” सगळा वर्ग खिदळतो. पुढं मी नोकरीला सोलापुरात निघालो, तेव्हा दस्ताभर कोरा कागद हातात ठेवून तुम्ही तेच म्हणालात. त्या वेळी मात्र कान धरला नाहीत.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला आलो. तुम्ही पडवीत बाजेवर होता, आवाज खोल गेला होता. “झाली का रं पुरी?” मी म्हणालो, “झाली, गुरुजी.” तुमच्याशी बोललेलं पहिलं खोटं. वाटलं, एवढ्यावर सुटेन. तुम्ही डोळे मिटलेत. “लई झाक. मग सांग की शेवट.”

आणि मी सांगितला. कुठून आला ते त्या विठ्ठलाला ठाऊक. वेशीपाशी एक म्हातारी मेंढक्याला विचारते, “किती राहिली रं मेंढरं?” तो काहीतरी उत्तर देतो. ते ऐकून तुम्ही आधी हसलात, मग पंच्यानं डोळे पुसलेत. “आसंच लिहिलंयस न्हवं? आता बदलू नगो.”

परतीच्या एस्टीत मी एकच विचार करत होतो, खोटं पकडलं गेलं असेल का. सोलापूर आलं तोवर ते उत्तर गेलं होतं. आठ दिवसांनी तुम्हीही गेलात. मी भीतीपोटी बोलत होतो, ऐकत नव्हतो. ऐकलं ते तुम्ही एकट्यानं.

तेव्हापासून म्हातारी विचारते आणि मेंढका गप्प राहतो. शंभर उत्तरं त्याच्या तोंडी घालून पाहिली, एकानंही तुम्ही हसला नसता. देवापुढं रोज तेवढं एक वाक्य मागतो. पण खोटं बोलताना मिळालेलं पुन्हा मागायचं कोणत्या तोंडानं? आता पन्नाशी आली. पुरी होईल असं वाटत नाही.

भोंगा झाला. आजचाही तास गेला, पण कागद मात्र खालपर्यंत भरला, फार वर्षांनी. यावर ‘श्री’ नाही, गुरुजी. विसरलो नाही. चुलीत घालता यावा म्हणून बसतानाच गाळला.